गांजाबंदीचा प्रश्न आणि भारतीय भांग-गांजा आयोग (१८९३-९४) : एक ऐतिहासिक पुनर्विचार

प्रस्तावना :

गांजाला कायदेशीर मान्यता द्यावी की त्यावरील बंदी अधिक कडक करावी, हा वाद अलीकडच्या काळात जगभर नव्याने सुरू झाला आहे. उरुग्वेने २०१३ मध्ये आणि कॅनडाने २०१८ मध्ये गांजाच्या विक्रीला कायदेशीर चौकट दिली. जर्मनीने २०२४ मध्ये प्रौढांना मर्यादित प्रमाणात गांजा बाळगण्याची मुभा दिली. भारतातही उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक उपयोगासाठी भांगेच्या नियंत्रित लागवडीस परवानगी दिली. या घडामोडींमुळे हा विषय परदेशातून आपल्याकडे आला आहे, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. इतिहासाच्या दृष्टीने ती बरोबर नाही. हाच प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी भारतात विचारला गेला होता. त्यावर अकराशेहून अधिक साक्षी नोंदविल्या गेल्या होत्या आणि त्याचे सात खंडांतील उत्तरही प्रसिद्ध झाले होते.

प्रस्तुत लेखाचे निमित्त मात्र अगदी साधे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका ग्रामीण शिबिरात व्यसनमुक्तीवर व्याख्यान झाल्यानंतर एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला : "सर, उत्तरेत भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत, मग त्याच झाडाच्या गांजासाठी माणूस तुरुंगात का जातो?" शिबिरार्थी हसले, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्या वेळी दिलेले उत्तर प्रस्तुत लेखकाचेच समाधान करू शकले नाही. पान आणि फूल यांच्यामध्ये कायद्याने आखलेल्या या रेषेचा इतिहास शोधण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) भारतीय भांग-गांजा आयोगाच्या नेमणुकीमागील राजकीय व सामाजिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२) आयोगाची कार्यपद्धती, निष्कर्ष आणि मतभेद यांची चिकित्सा करणे.
३) १८९४ ते १९८५ या काळात नियंत्रणाचे धोरण बंदीच्या धोरणात कसे रूपांतरित झाले, याचा मागोवा घेणे.
४) आजच्या वादात या इतिहासाचा उपयोग कोणत्या मर्यादेत करता येईल, हे पाहणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखात ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. आयोगाचा अहवाल, संबंधित कायदे व आंतरराष्ट्रीय करार ही प्राथमिक साधने आणि या विषयावरील आधुनिक इतिहासलेखन ही दुय्यम साधने म्हणून विचारात घेतली आहेत.

पार्श्वभूमी : एक झाड, तीन पदार्थ

भांग, गांजा आणि चरस हे तिन्ही पदार्थ एकाच वनस्पतीपासून मिळतात. पाने वाटून केलेली ती भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे वाळवून केलेला तो गांजा आणि झाडाचा राळेसारखा चीक म्हणजे चरस. भांग प्यायली वा खाल्ली जाते, तर गांजा व चरस चिलमीतून ओढले जातात. या तिन्हींची सामाजिक प्रतिष्ठाही वेगवेगळी होती. महाशिवरात्रीला वा होळीला घोटलेली भांग चारचौघांत चालत असे; 'गांजेकस' हा शब्द मात्र शिवीसारखाच वापरला गेला. मराठीत चांगल्या माणसाला वाईट संगतीत पाहून 'भांगेत तुळस' म्हणतात आणि उलट परिस्थितीला 'तुळशीत भांग'. समाजाने या झाडाला ओळखले होते आणि त्याविषयीचे मतही बनविले होते, हे या वाक्प्रचारांवरून दिसते.

युरोपीय अभ्यासकांचे लक्षही या वनस्पतीकडे लवकर गेले. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधीविषयक संवादग्रंथात भांगेवर स्वतंत्र संवाद आहे. पुढे कलकत्त्यात डॉ. विल्यम ओशॉग्नेसी यांनी १८३९ च्या सुमारास या वनस्पतीच्या औषधी गुणांवर प्रयोग केले आणि त्यानंतर पाश्चात्त्य औषधशास्त्रात तिला स्थान मिळाले.

ब्रिटिश सरकारच्या लेखी मात्र गांजा हा प्रामुख्याने अबकारी उत्पन्नाचा विषय होता. बंगालमधील राजशाही जिल्ह्यातील नौगाव आणि मध्य प्रांतातील खांडवा ही लागवडीची नियंत्रित केंद्रे होती. मुंबई इलाख्यात अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्हा गांजाच्या लागवडीसाठी ओळखला जाई आणि विक्रीचे नियमन १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानुसार होत असे. पंजाबात येणारे चरस यारकंदहून लेहमार्गे येई. थोडक्यात, गांजा हे त्या काळी परवान्याने पिकणारे, कर भरणारे आणि सरकारमान्य दुकानात विकले जाणारे पीक होते.

आयोगाची नेमणूक :

आयोगाची मुळे भारतातील मागणीपेक्षा ब्रिटनमधील मद्यपानविरोधी चळवळीत अधिक आहेत. विल्यम स्प्रॉस्टन केन हे उदारमतवादी खासदार या चळवळीचे अग्रणी होते. भारतातील ब्रिटिश राजवट दारू, अफू व गांजा यांच्या विक्रीतून पैसा मिळविते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. २ मार्च १८९३ रोजी त्यांनी ब्रिटिश संसदेत बंगालमधील गांजाचे उत्पादन, व्यापार व परिणाम यांची चौकशी व्हावी, असा प्रश्न उपस्थित केला. भारत सरकारने चौकशीची व्याप्ती संपूर्ण ब्रिटिश भारतापर्यंत वाढविली आणि जुलै १८९३ मध्ये आयोग नेमला. याच सुमारास अफूसाठीही स्वतंत्र शाही आयोग नेमला गेला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

अबकारी उत्पन्नाविषयीची अस्वस्थता केवळ इंग्लंडमध्येच होती, असे मात्र समजू नये. महात्मा जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्येच दारूच्या गुत्त्यांच्या वाढीला लेखी विरोध केला होता. व्यसनातून महसूल मिळविणाऱ्या राज्याच्या नैतिकतेचा प्रश्न महाराष्ट्रातील सुधारकांना परिचित होता.

आयोगाचे अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग होते. एच. टी. ओमॅनी, ए. एच. एल. फ्रेझर आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक सर्जन-मेजर वॉर्डन हे युरोपीय सदस्य, तर राजा शशिशेखरेश्वर रॉय, कुंवर हरनामसिंग अहलुवालिया आणि लाला निहालचंद हे तीन भारतीय सदस्य होते. ओमॅनी हे मुंबई इलाख्यातील पंचमहाल जिल्ह्याचे कलेक्टर होते.

कार्यपद्धती :

ऑगस्ट १८९३ मध्ये कलकत्त्यात पहिली बैठक घेऊन आयोगाने सुमारे वर्षभर काम केले. सत्तर प्रश्नांची प्रश्नावली तयार करण्यात आली. प्रांतोप्रांती दौरे करून ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविण्यात आले. त्यात मुलकी व वैद्यकीय अधिकारी, वैद्य-हकीम, लागवड करणारे, विक्रेते, मिशनरी आणि वकील अशा नाना प्रकारचे लोक होते. ऑगस्ट १८९४ मध्ये सादर झालेल्या अहवालाची पृष्ठसंख्या तीन हजारांहून अधिक आहे.

मराठी अभ्यासकांना विशेष रस वाटावा असा एक भाग या अहवालात आहे. मुंबई गॅझेटियरचे संपादक म्हणून आपल्याला परिचित असलेले जेम्स कॅम्बेल हे त्या वेळी मुंबईत जमीन महसूल, जकात व अफू खात्याचे कलेक्टर होते. त्यांनी भांगेच्या धार्मिक स्थानाविषयी स्वतंत्र टिपण आयोगाला सादर केले. शिवोपासनेशी भांगेचा असलेला संबंध आणि ज्वरनिवारक म्हणून तिच्याविषयी असलेली श्रद्धा यांचे विवेचन करून, बंदी घातल्यास धार्मिक भावना दुखावतील, असा सूर त्यांनी लावला.

वेडाच्या आकड्यांची कहाणी :

आयोगाच्या कामातील सर्वांत महत्त्वाचा भाग मनोरुग्णालयांच्या आकडेवारीसंबंधी आहे. गांजाने वेड लागते, ही समजूत तत्कालीन अधिकाऱ्यांत दृढ होती. १८७१ ते १८७३ या काळात सरकारने केलेल्या चौकशीतही तिचा प्रभाव दिसतो. मनोरुग्णालयांच्या वार्षिक अहवालांत वेडाचे कारण म्हणून गांजाचे नाव वारंवार येई आणि बंदीचे समर्थक त्याच आकड्यांचा हवाला देत.

आयोगाने हे आकडे जसेच्या तसे स्वीकारले नाहीत. ते मुळात कसे तयार झाले, याचा शोध घेतला. ब्रिटिश भारतातील मनोरुग्णालयांत १८९२ मध्ये दाखल झालेल्या १३४४ रुग्णांपैकी २२२ रुग्णांच्या आजाराचे कारण भांग-गांजा असे नोंदले गेले होते. प्रत्येक प्रकरणाची नव्याने छाननी केल्यावर केवळ ९८ प्रकरणांत गांजाचा संबंध मान्य करता येईल, असे आयोगास आढळले. त्यातही काही प्रकरणांत इतर कारणे मिसळलेली होती. म्हणजे साडेसोळा टक्क्यांचे प्रमाण छाननीनंतर सुमारे सात टक्क्यांवर आले.

हा फरक का पडला, याचे आयोगाने दिलेले स्पष्टीकरण आजही उद्बोधक आहे. रुग्णाबरोबर पोलिसांकडून येणाऱ्या तक्त्यात 'वेडाचे कारण' असा रकाना असे. रस्त्यावर सापडलेल्या, नातलग नसलेल्या माणसाच्या आजाराचे कारण पोलिसांना ठाऊक नसे. परंतु रकाना रिकामा ठेवणेही सोयीचे नसे. तो गांजा ओढतो असे कोणी सांगितले की कारण मिळे. पुढे तीच नोंद वैद्यकीय अहवालात जाई, अहवालातून सांख्यिकीत आणि सांख्यिकीतून धोरणात. ज्या संस्थांत आपण रोज तक्ते भरतो, तेथे ही प्रक्रिया समजावून सांगण्याची फारशी गरज नाही.

निष्कर्ष व मतभेद :

बेताने केलेल्या सेवनाने शारीरिक, मानसिक वा नैतिक हानी झाल्याचे सामान्यतः दिसत नाही. अतिसेवन हानिकारक आहे, परंतु ते अपवादात्मक आहे, असा आयोगाच्या बहुमताचा निष्कर्ष होता. संपूर्ण बंदी आवश्यक नाही आणि इष्टही नाही, असे सांगताना आयोगाने चार गोष्टी विचारात घेतल्या : प्रत्यक्ष परिणाम, सेवनाचा प्रसार, सामाजिक व धार्मिक भावना आणि बंदीमुळे लोक अधिक घातक मादक पदार्थांकडे वळण्याची शक्यता.

तथापि आयोगाने मोकळीक सुचविली नव्हती. पुरेसा कर, परवान्याशिवाय लागवडीस मनाई, लागवडीचे केंद्रीकरण, दुकानांच्या संख्येवर मर्यादा आणि व्यक्तीने जवळ बाळगण्याच्या प्रमाणावर मर्यादा, अशी पाच साधने आयोगाने सुचविली. आजच्या वादात कायदेशीर मान्यतेचे समर्थक या अहवालातील पहिला अर्धा भाग उद्धृत करतात आणि दुसरा सोडून देतात.

याहून महत्त्वाची व सहसा दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे भिन्नमतपत्रिका. तीन भारतीय सदस्यांपैकी राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोघांनी बहुमताशी असहमती नोंदविली आणि बंदीच्या दिशेने जाणारी अधिक कठोर भूमिका घेतली. 'भारतीयांच्या धार्मिक भावनांचा आदर' हे कारण इंग्रज अधिकारी पुढे करीत होते, तर भारतीय सदस्यांपैकी बहुसंख्य सदस्यांना ते तितकेसे पटत नव्हते, असा विरोधाभास येथे दिसतो. धर्मभावनेचा हा आदर अबकारी उत्पन्नाला सोयीचा होता, हे नाकारता येत नाही. जेम्स मिल्स या इतिहासकाराने 'कॅनाबिस ब्रिटानिका' (२००३) या ग्रंथात वसाहतिक सरकारचे आर्थिक हितसंबंध आणि हे ज्ञान यांच्यातील नात्याकडे लक्ष वेधले आहे. अर्थात दोन सदस्यांच्या मतामागेही वर्गीय दृष्टी असू शकते. जमीनदार व प्रतिष्ठित वर्गाच्या नजरेला गांजेकस दिसत असे तो कष्टकरी वा फिरस्ता. स्वतःच्या वाड्यातील भांग मात्र उत्सवाचा भाग ठरत असे.

नियंत्रणाकडून बंदीकडे (१९२५-१९८५) :

विसाव्या शतकात निर्णयाचे केंद्र कलकत्ता व सिमल्याहून आंतरराष्ट्रीय परिषदांकडे सरकले. १९२४-२५ च्या जिनिव्हा परिषदेत इजिप्तने हशीशचा प्रश्न लावून धरला आणि भांगवर्गीय पदार्थ प्रथमच आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आले. ब्रिटिश भारताच्या प्रतिनिधींनी देशांतर्गत सेवनावर बंदीचे बंधन स्वीकारण्यास अनुकूलता दाखविली नाही. पुढे १९३० मध्ये घातक औषधिद्रव्यांसंबंधीचा केंद्रीय कायदा झाला.

स्वातंत्र्योत्तर काळात नैतिक अधिष्ठानच बदलले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये मादक पेये व आरोग्यास अपायकारक अंमली पदार्थ यांच्या सेवनावर औषधी उपयोग वगळता बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व समाविष्ट झाले. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने दारूबरोबर भांग व गांजा यांनाही आपल्या कक्षेत घेतले. त्यामुळे उत्तरेकडील काही राज्यांत परवान्याने विकली जाणारी भांग महाराष्ट्रात मात्र या कायद्याच्या बंधनात राहिली.

निर्णायक वळण आले ते १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या एकल करारामुळे. या कराराने गांजाची व्याख्या 'फुलोऱ्याचे वा फळधारणेचे शेंडे' अशी केली आणि शेंडे सोबत नसतील तर पाने व बिया वगळल्या. शिबिरातील विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर या एका व्याख्येत आहे. पान आणि फूल यांतील रेषा कराराच्या मसुद्यातून आपल्या कायद्यात आली. मात्र तिच्या मागे उत्सवी भांग व बदनाम गांजा यांत समाजाने आधीच केलेला भेद उभा होता. ज्या देशांत गांजाचे सेवन परंपरागत होते, त्यांना ते थांबविण्यासाठी करार अमलात आल्यापासून २५ वर्षांची मुदत दिली गेली. करार डिसेंबर १९६४ मध्ये अमलात आला. म्हणजे मुदत डिसेंबर १९८९ मध्ये संपणार होती.

या पार्श्वभूमीवर गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (प्रचलित भाषेत एनडीपीएस कायदा) पाहावा लागतो. हा कायदा केवळ अमेरिकेच्या दबावातून झाला, असे अनेकदा म्हटले जाते. १९८० च्या दशकातील आंतरराष्ट्रीय वातावरणाचा प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. परंतु कराराची संपत आलेली मुदत हे अधिक ठोस कारण कागदोपत्री उपलब्ध आहे. विधेयक २३ ऑगस्ट १९८५ रोजी लोकसभेत मांडले गेले आणि १६ सप्टेंबर रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. १४ नोव्हेंबर १९८५ पासून कायदा लागू झाला. वसाहतिक सरकारने बंदी न घालण्याचा निर्णय वर्षभराच्या चौकशीनंतर आणि ११९३ साक्षींनंतर घेतला. स्वतंत्र भारताने शिक्षेचा कायदा संसदेत मांडल्यापासून पंचवीस दिवसांच्या आत संमत केला. पहिला निर्णय बरोबर आणि दुसरा चुकीचा, असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु निर्णयप्रक्रियेची तुलना लोकशाहीला विचार करायला लावणारी आहे.

वर्तमान संदर्भ :

२००१ च्या दुरुस्तीने शिक्षा पदार्थाच्या वजनाशी जोडली गेली. गांजासाठी एक किलोपर्यंत अल्प आणि वीस किलोपेक्षा अधिक असल्यास व्यापारी प्रमाण मानले जाते; व्यापारी प्रमाणासाठी किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे. विनापरवाना लागवडीस दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. याच कायद्याने राज्यांना परवान्याने लागवडीचे नियमन करण्याचा अधिकारही दिला आहे, ही बाब फारशी लक्षात घेतली जात नाही.

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार १० ते ७५ या वयोगटातील २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३ कोटी १० लाख भारतीयांनी आधीच्या वर्षभरात भांग, गांजा वा चरस यांचे सेवन केले होते. त्यांतील सुमारे ७२ लाखांना या सेवनामुळे उद्भवलेल्या समस्यांसाठी मदतीची गरज होती. हे दोन आकडे एकत्र वाचले पाहिजेत. पहिला आकडा सांगतो की, तीन दशकांच्या बंदीने सेवन संपले नाही. दुसरा सांगतो की, हे सेवन निरुपद्रवी नाही. प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचा आकडा उचलतो.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला १९६१ च्या कराराच्या सर्वाधिक कठोर अनुसूचीतून वगळले, तेव्हा भारताने बाजूने मत दिले. गांजा इतर अनुसूचीनुसार नियंत्रणाखाली राहिला. तथापि त्याच्या औषधी उपयोगाची शक्यता मान्य झाली. हिमाचल प्रदेश विधानसभेनेही २०२४ मध्ये नियंत्रित लागवडीच्या दिशेने ठराव संमत केला.

आयोगाच्या अहवालाच्या मर्यादाही येथे नोंदविल्या पाहिजेत. आयोगापुढील गांजा हा आजच्या बाजारातील सर्व प्रकारांइतकाच तीव्र होता, असे गृहीत धरता येत नाही. किशोरवयातील नियमित व अधिक सेवन आणि गंभीर मनोविकार यांच्यातील संबंधाविषयी आधुनिक वैद्यकशास्त्राने दिलेले इशारे १८९४ मध्ये उपलब्ध नव्हते. साक्षीदारांत अधिकारी व प्रतिष्ठितांचा भरणा होता. स्त्रियांचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. नवऱ्याच्या चिलमीचा खर्च जिच्या चुलीवर पडत होता, तिला आयोगाने सत्तर प्रश्न विचारले नाहीत.

निष्कर्ष :

१) गांजाच्या कायदेशीर मान्यतेचा वाद भारताला नवा नाही. बंदी आणि मोकळीक यांखेरीज 'नियंत्रण' हा तिसरा पर्याय भारतात प्रत्यक्ष अमलात होता.
२) आयोगाचा अहवाल साधार असला तरी तटस्थ नाही. महसुलाचे हितसंबंध आणि भारतीय सदस्यांची भिन्नमतपत्रिका विचारात घेतल्याशिवाय त्याचा दाखला देणे इतिहासदृष्ट्या अपुरे ठरते.
३) आकडेवारीच्या उगमाची छाननी ही आयोगाची सर्वांत टिकाऊ देणगी आहे. ती बंदीच्या आणि मान्यतेच्या, दोन्ही बाजूंच्या आकड्यांना लागू करावी.
४) भांग व गांजा यांतील कायदेशीर भेद विज्ञानापेक्षा सामाजिक प्रतिष्ठा व आंतरराष्ट्रीय मसुदालेखन यांतून अधिक आला आहे.
५) कायद्यात बदल करण्यापूर्वी वा तो अधिक कडक करण्यापूर्वी सार्वजनिक चौकशी व्हावी आणि तिच्यात सेवन करणारे, त्यांची कुटुंबे, शेतकरी, वैद्यकीय तज्ज्ञ व पोलीस या सर्वांच्या साक्षी असाव्यात, असे प्रस्तुत अभ्यासातून सुचवावेसे वाटते.

शिबिरातील त्या विद्यार्थ्याला आता उत्तर देता येईल; परंतु ते देताना केवळ अधिनियमातील कलम सांगून थांबणे योग्य होणार नाही. व्यसनमुक्तीच्या व्याख्यानात आपण विद्यार्थ्यांना 'नाही म्हणा' असे सांगतो, आणि ते सांगितलेच पाहिजे. त्याचबरोबर, कायदा कोणत्या पुराव्यावर उभा आहे हे विचारण्याची सवय त्यांना लावणे, हेही इतिहासाच्या अध्यापकाचे काम आहे.